डिस्प्लेवर ६०, नळाला उकळतं पाणी: सेन्सर गेलाय का बोर्ड?

पाचगावची_सून

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात पाचगावला राहते. आमच्याकडं २५ लिटरचा डिजिटल डिस्प्लेवाला स्टोरेज गीझर आहे, चार वर्षं झाली, वॉरंटी संपली. गेल्या पावसाळ्यापर्यंत काही तक्रार नव्हती. आता महिनाभर असं चाललंय की ६० ला सेट केला की डिस्प्लेवर ६० येतं, दिवा जातो, सगळं नीट दिसतं, पण नळ सोडला की पाणी असलं येतं की हात लावता येत नाही, बादलीतून नुसती वाफ. आणि ६५ ला ठेवलं तर थोड्या वेळानं गीझर पूर्ण बंदच पडतो, मग खालचं झाकण काढून आतलं लाल बटण दाबावं लागतं. मधेच कधीतरी आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा येतात आणि बीप वाजतो, मग आपोआप परत चालू होतो.

ओळखीतले मेस्त्री येऊन बघून गेले. त्यांनी सेन्सर बाहेर ओढून बोर्डाकडच्या प्लगला मीटर लावला, १०.२ आलं. म्हणाले सेन्सर १० के चा आहे आणि १० दाखवतोय म्हणजे सेन्सर ओके, बोर्ड बदला, २२०० रुपये. मी थांबा म्हटलं. घरात सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांना गरम गार लवकर कळत नाही, आणि मुलगा सहा वर्षांचा. परवा मुलाच्या पायावर थोडं पाणी सांडलं तर लगेच लाल झालं, तेव्हापासून मी आंघोळीचं पाणी गॅसवर पातेल्यात तापवते. पैसे घालायला तयार आहे पण बोर्ड बदलून परत तेच व्हायला नको. भावाचा मल्टिमीटर घरात आहे, वापरता येतो. कुणी सांगेल का नक्की काय तपासायचं?

---

उद्यमनगर_वाइंडर

ताई, आधी एकच सांगा. पाणी एवढं तापतंय तवा डिस्प्लेवरचा आकडा कुठं असतोय? म्हंजे ६० ला येऊन तिथंच थांबतोय का ६० च्या वर ७०, ७५ असा चढत जातोय? ह्यावर सगळं हाय बघा.

आकडा वर चढत चाललाय आणि कॉइल बंदच हुईना, तर बोर्डावरचा रिले, म्हंजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच, चिकटलाय, त्याचे पॉइंट जळून एकमेकाला धरून बसत्यात, मग बोर्डानं कितीबी बंद कर म्हणून सांगितलं तरी करंट चालूच. तवा बोर्ड नाहीतर नुसता रिले बदलायचा. पण आकडा ६० ला थांबतोय आणि पाणी मात्र उकळतंय, तर बोर्ड बिचारा त्याचं काम बरोबर करतोय, त्याला खालनं सेन्सरकडनं खबरच खोटी येतीय. तवा बोर्डाला हात लावू नकासा.

---

पाचगावची_सून

दादा, आकडा ६० च्या वर जात नाही. ६० झालं की तापवायचा दिवा जातो, रिलेचा टक आवाजपण येतो. मुद्दाम उभं राहून बघितलं. ६५ ला ठेवल्यावर मात्र ६५ दिसायच्या आतच, ६२-६३ असताना सगळं बंद होतं.

आणखी एक, शेजारचे एकजण म्हणाले की तो लाल बटणवाला कट-आउट, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा, खराब झालाय, सारखा उडतोय तर डायरेक्ट करून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. करावं का?

---

फुलेवाडीकर

नाही. अजिबात करू नका.

माझ्या चुलत्यांच्या घरी अगदी हेच केलं होतं. कट-आउट सारखा उडत होता म्हणून दोन्ही वायरी एकत्र जोडून दिल्या, आणि तीन महिने काही झालं नाही म्हणून सगळे निर्धास्त. मग एक दिवस थर्मोस्टॅट चिकटला, गीझर चालू ठेवून माणसं गावात गेली होती, आल्यावर वहिनींनी नळ सोडला तर पाण्याच्या आधी वाफच आली. त्यांच्या मनगटावर डाग अजून आहे. वर पीव्हीसीचा पाइप मऊ पडून सांध्यातून निसटला होता. सेफ्टी व्हॉल्व्ह शाबूत होता म्हणून टाकी राहिली. बंद टाकीत दाबाखाली पाणी शंभराच्या वर तापतं आणि तोंड उघडलं की त्यातलं काही पाणी एका क्षणात वाफ होतं, आणि वाफेला पाण्यापेक्षा दीडएक हजार पट जास्त जागा लागते. घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल आहे म्हणताय. तो कट-आउट सारखा उडतोय म्हणजे तो खराब नाही ताई, घरात तेवढा एकच खरं बोलतोय.

---

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये तीस वर्षं तापमान मोजायचंच काम केलं, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण ह्या केसमध्ये मेस्त्रींची एक गोष्ट चुकली आहे आणि ती चूक भलेभले करतात.

तुमच्या गीझरमध्ये जो सेन्सर आहे तो एनटीसी थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. १० के म्हणजे २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम. फक्त २५ ला. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ इथं आहे. ३० अंशाला तोच साधारण ८ के होतो, ४० ला ५.३, ५० ला ३.६, ६० ला २.५, ७० ला पावणेदोन आणि ८० ला सव्वा के. हे आकडे ज्याचा बीटा (तापमानाप्रमाणं रेझिस्टन्स किती झपाट्यानं बदलतो तो आकडा) ३९५० असतो त्या सेन्सरचे, बाजारात घरगुती वस्तूंत हा खूप चालतो. आता मला सांगा, मेस्त्रींनी मोजलं तेव्हा खोलीत तापमान किती होतं? दुपार असेल आणि २७-२८ अंश असतील तर मीटरवर ९ के च्या आसपास यायला पाहिजे होतं. १०.२ आलं ते बघून त्यांना वाटलं अगदी बरोबर, दहाचा सेन्सर दहा दाखवतोय. पण २७ ला १०.२ हे बरोबर नाही, ते १ के जास्त आहे.

आता म्हणाल १ के ने काय होतंय. थंडीत काहीच होत नाही. १० मध्ये १ मिळवला तर बोर्डाला दोनच अंशांचा फरक दिसतो. पण गरम पाण्यात सेन्सर स्वतः अडीच के वर आलेला असतो, त्यात बाहेरचा १ के मिळाला की साडेतीन होतात आणि बोर्डाला ६० च्या जागी ५१ दिसतात. मग बोर्ड म्हणतो अजून तापव. तो थांबणार कधी, तर एकूण अडीच के दिसल्यावर, म्हणजे सेन्सर दीड के वर आल्यावर, आणि दीड के म्हणजे ७५ अंश. तुम्ही ६० लावता, डिस्प्ले ६० दाखवतो, टाकीत ७५ आहेत. ६५ लावलं तर हाच हिशोब ८५ पर्यंत जातो, आणि ८५-९० च्या पट्ट्यात बहुतेक कट-आउट उडतात. तुमच्याकडं ६० ला उडत नाही आणि ६५ ला पोचता पोचता उडतो, हे ह्या हिशोबाशी इतकं जुळतंय की मला बोर्डावर संशय घ्यायला जागाच दिसत नाही.

म्हणून गार सेन्सर तपासून "ओके" म्हणायचं नसतं. दोष गरम झाल्यावरच बोलतो.

राहिला प्रश्न हा १ के येतो कुठून. दोन शक्यता. एक, सेन्सरच आतून सरकलाय, जुना झाला. दुसरी, सेन्सर चांगला आहे आणि मधल्या वायरीत, प्लगात किंवा कुठल्यातरी सांध्यात गंज धरलाय. मधेच दोन रेघा येऊन बीप वाजतो म्हणताय, ती खूण मला दुसऱ्या शक्यतेची वाटते, कारण दोन रेघा म्हणजे बहुतेक बोर्डाला सर्किट तुटलेलं दिसतंय आणि परत जोडलं की तो चालू होतो. सेन्सर मेला की मेला, सारखा मरत आणि जगत नाही सहसा.

मोजायचं असं. आधी एमसीबी खाली करा, नुसतं गीझरचं बटण नाही, आणि टेस्टर लावून खात्री करा. सेन्सरचा प्लग बोर्डातून काढा, नाहीतर बोर्डावरचा रेझिस्टर समांतर येऊन आकडा चुकतो. मग सेन्सरची टोपी गरम पाण्यात बुडवून थर्मामीटर शेजारी धरा आणि निदान दोन तापमानांना मोजा, ४० आणि ६० चालेल. वायर जिथं टोपीत शिरते तो भाग पाण्याच्या वर ठेवा. दोन्ही वेळेला सारखाच १ के जास्त आला तर वायरीत किंवा सांध्यात दोष. तापमानाप्रमाणं जास्तीचा आकडापण आकसत गेला, म्हणजे दोन्हीकडं साधारण तेवढेच टक्के जास्त, तर सेन्सर स्वतः बिघडलाय किंवा मागं कुणीतरी वेगळा बसवलाय.

आणि एक, चालू बोर्डावर सेन्सरच्या वायरीला बोट लावायचं नाही. पाच व्होल्ट असतात म्हणून लोक हात लावतात. ह्या बोर्डांत बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतोच, मेन लाइनवरून कपॅसिटरनं सप्लाय काढलेला असतो, त्या पाच व्होल्टच्या वायरीवर जमिनीच्या हिशोबानं २३० असू शकतात.

---

आंबा_घाट_रायडर

काका सगळं बरोबर असेल पण एवढं कशाला, सेन्सर दीडशे रुपयाला मिळतो, ऑनलाइन तर अजून स्वस्त, सरळ नवीन टाकायचा आणि बघायचं, नाही झालं तर मग मोजत बसायचं. रविवार वाचला. मी बाईकच्या कूलंट सेन्सरला हेच केलं होतं आणि झालंपण.

---

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

तुमचंही चुकीचं नाही, पैशाच्या हिशोबानं. पण दोष सांध्यात असेल आणि मेस्त्रींनी नवीन सेन्सर त्याच जुन्या वायरीला पिळून जोडला, आणि इथं तसंच जोडतात, तर दीडशे रुपये जाऊन पाणी ७५ लाच राहणार, आणि मग खात्रीच होईल की बोर्ड गेला. दुसरं म्हणजे दुकानात "गीझरचा सेन्सर द्या" म्हटलं की १० के देतात, पण काही गीझरमध्ये ५० के चा असतो, काहीत १०० के चा, आणि १० के मध्येसुद्धा ३४३५ आणि ३९५० असे वेगळे बीटा असतात, २५ ला दोघं सारखे आणि ६०-७० ला वेगळे. तिथंही परत तोच फसवा खेळ, गार असताना बरोबर. जुना मोजल्याशिवाय नवीन कुठला घ्यायचा तेच कळत नाही.

बोर्डाची परीक्षा घ्यायची असेल तर तीही सांगतो. सेन्सरच्या जागी साधा १० के चा रेझिस्टर लावला तर डिस्प्लेवर २५ च्या आसपास यायला पाहिजे, ४.७ के लावला तर ४३, २.२ के लावला तर ६३-६४. रुपया दोन रुपयांचे रेझिस्टर आहेत. तिन्ही आकडे बरोबर आले तर बोर्ड निर्दोष. फक्त हे करताना कॉइलच्या दोन्ही वायरी बोर्डाकडून काढून, टोकांना टेप लावून बाजूला ठेवायच्या, कारण बोर्डाला कायम २५ च दिसणार आणि तो तापवतच राहणार. रेझिस्टर बदलताना प्रत्येक वेळी एमसीबी खाली. ज्यांना हे हात घालायची सवय नाही त्यांनी वायरमनकडूनच करून घ्या.

---

पाचगावची_सून

काका, दादा, रविवारी भाऊ आला होता, दोघांनी मिळून बसून मोजलं. सगळं लिहिते कारण मला स्वतःला हे बघून लई धक्का बसला.

मेस्त्री आले होते तेव्हा दुपार होती, हॉलमधल्या घड्याळात तापमान येतं, २७ होतं हे मला आठवतंय कारण त्या दिवशी पाऊस थांबून उकाडा झाला होता. काकांनी २७-२८ असं आधीच लिहिलं होतं ते वाचून अंगावर काटा आला.

थर्मामीटर मामांकडून आणला, ते दूध संस्थेत असतात, तिथला काचेचा, शंभरच्या वर जाणारा. पाणी थर्मासमध्ये घेतलं म्हणजे भराभर गार होत नाही. सेन्सरची टोपी आणि थर्मामीटरचं टोक दोऱ्यानं एकत्र बांधलं. ६० ला बोर्डाकडच्या प्लगला ३.५ के. मग पाणी ४० ला आल्यावर ६.३ के. म्हणजे दोन्हीकडं बरोबर १ के जास्त, टक्क्यांत नाही. मग वायर हातानं चाचपत गेलो तर मधे एका ठिकाणी काळा टेप गुंडाळलेला. दोन वर्षांपूर्वी टाकी साफ करायला कुणी आलं होतं तेव्हा वायर तुटली असणार आणि पिळून जोडून दिली. टेप सोडवला तर चिकट पाणी, आणि आतली तांब्याची तार नुसती हिरवी, तांब्याच्या घागरीला राख चिंच न लावता ठेवली की येतं तसलं हिरवं. सांध्याच्या सेन्सरकडच्या बाजूला मीटर लावला तर ४० ला ५.३. सांध्याच्या पलीकडं ६.३. तार नुसती बोटानं हलवली की आकडा ५.८, ७, मधेच काहीच नाही, असा नाचतो. ते काहीच नाही म्हणजेच आमच्या दोन रेघा.

म्हणजे सेन्सर चांगला, बोर्ड चांगला, आणि आम्ही २२०० द्यायला निघालो होतो. पैशाचं जाऊ दे, पण बोर्ड बदलून झालं असतं तर आम्ही निर्धास्त होऊन मुलाला त्या पाण्याखाली सोडलं असतं, हे डोक्यातून जात नाही.

आता हे जोडायचं कसं नीट? परत पिळून टेप नको.

---

उद्यमनगर_वाइंडर

शाबास ताई. लई मस्त मोजलासा, आमच्यातली पोरंसुद्धा एवढं करत न्हाईत.

जोडायचं असं. हिरवं झालेलं सगळं कापून टाका, आणि नुसतं टोक न्हाई, वरचं प्लॅस्टिक सोलत सोलत मागं जावा, तार जितं लालचुटूक लागंल तितंपर्यंत, कारण गंज प्लॅस्टिकच्या आतनं मागं सरकतोय. काळी पडलेल्या तारंवर सोल्डरचा टाका बसतच न्हाई. वायर तोकडी पडली तर मधे दुसरी वायर जोडून दोन सांधं करण्यापरास नवा सेन्सर लांब वायरीचा घ्या, एक अखंड वायर, तेच बरं. तुमची पुरत आसंल तर दोन्ही तारा सोल्डर करा, दोन सांधं एकापुढं एक न ठेवता मागं पुढं ठेवा म्हंजे एकमेकाला लागणार न्हाईत, वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हंजे गरम केली की आवळून बसणारी नळी, ती आतनं गोंद असलेली मिळती ती घ्या, वाफ आत जात न्हाई. स्लीव्ह आधी वायरीत ओवून ठेवा, जोडल्यावर आठवती सगळ्यांना.

सेन्सर परत नळीत घालताना पार तळापर्यंत जाऊ दे. अर्ध्यात राहिला तर त्याला टाकीची ऊब कमी लागती आणि परत तेच, आकडा कमी आणि पाणी जास्त. टोपीला जराशी थर्मल पेस्ट लावा, आणि वायर वरनं खाली आणून परत वर न्या, म्हंजे मधे झोळ पडंल आणि पाण्याचा थेंब आला तर झोळातनं खाली पडंल, प्लगापर्यंत वाहत जाणार न्हाई.

आणि मेन गोष्ट. टेपात पाणी आलं कुठनं? झाकणाच्या आत कोरडं पाहिजे. कॉइलच्या फ्लँजचं गॅस्केट बघा, त्याच्या खाली पांढऱ्या क्षाराच्या रेघा दिसत्यात का. कळंबा, पाचगाव त्या बाजूला बोअरचं पाणी घालणारी घरं लई, जड पाण्यानं कॉइल फुगती, गॅस्केट कडक हुतंय आणि मग थेंब थेंब. ते न बदलता सोल्डर केलंसा तर दोन वर्सांनी परत इथंच येशीला.

---

कसबा_बावडा_सोलर

हा धागा वाचून विचारतो, आमच्याकडं गच्चीवर सोलर आहे २०० लिटरचा, बॅकअप कॉइल आणि खाली बाथरूमबाहेर कंट्रोलर. गच्चीवरून खाली वायर १५ मीटर तरी आहे. डिस्प्ले आमचापण खोटं दाखवतो असं वाटतं, पण उलटं, पाणी कोमट असतं आणि हा ७० दाखवून बॅकअप लावतच नाही. सोलर लावणारे म्हणाले वायर लांब आहे म्हणून फरक येतो, जाड वायर टाका. खरं आहे का? जाड वायरीचा खर्च बराच सांगितलाय.

---

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

१० के च्या एनटीसीला १५ मीटर काहीच नाही. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा जाऊन येऊन ३० मीटरचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास भरतो, एक ओहम, एक के नाही. अडीच हजारात एक मिळवून काय फरक पडणार. पीटी १००, म्हणजे प्लॅटिनमचा सेन्सर, असता तर गोष्ट वेगळी होती, त्यात एका अंशाला ०.३८५ ओहम एवढाच बदल असतो म्हणून एक ओहमनं अडीच अंश सरकतात, आणि म्हणूनच फाउंड्रीत आम्ही त्याला तीन वायरी वापरायचो. तुमच्याकडं बहुधा एनटीसीच असणार, तर जाड वायर टाकू नका.

शिवाय तुमची दिशा बघा. वायरीचा किंवा सांध्याचा रेझिस्टन्स वाढला तर एनटीसीत आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, जास्त कधीच नाही. तुमचा जास्त दिसतोय, म्हणजे रेझिस्टन्स कमी झालाय, म्हणजे कुठंतरी दोन तारांमधे गळती आहे. गच्चीवर ऊन पावसात वायरीचं प्लॅस्टिक तडकतं, आत ओल जाते आणि दोन तारांमधून थोडा करंट गळतो, किंवा सेन्सरच्या टोपीतच पाणी शिरतं. वरती जाऊन सेन्सर वायरीपासून मोकळा करा, खाली कंट्रोलरचा प्लग काढा, आणि मीटर मोठ्या रेंजवर ठेवून नुसती वायर मोजा. दोन्ही टोकं मोकळी असताना मीटरनं काहीच दाखवता कामा नये. काही के दाखवले तर वायर बदला, साधीच पण उन्हात टिकणारी, पाइपातून आणलेली. मोकळी वायर स्वच्छ निघाली तर सेन्सर बदला. शक्यतो सकाळी, रात्री पाऊस पडून गेल्यावर मोजा, कडक उन्हात वाळलेली वायर निर्दोष दिसते.

---

कसबा_बावडा_सोलर

काका, आज सकाळी पाऊस उघडल्यावर वर चढलो. मोकळ्या वायरीत काही के दाखवतोय! पाण्याच्या टाकीच्या कडेला वायर घासून कातडं निघालंय आणि तिथं शेवाळ आहे. आजच बदलतो.

---

पाचगावची_सून

आठ दिवसांनी लिहिते. दादांनी सांगितलं तसं निघालं, झाकणाच्या आतल्या बाजूला गॅस्केटपासून खाली पांढऱ्या तीन रेघा, आणि त्यातली एक बरोबर त्या टेपच्या जागेवर येऊन थांबलेली. गॅस्केट काढलं तर रबर नखानं तुटत होतं. कॉइल काढलीच होती म्हणून तिच्यावरचा क्षार पण साफ करून घेतला, बोटभर जाड खपल्या निघाल्या, आणि टाकीला गंज लागू नये म्हणून असते ती मॅग्नेशियमची कांडी जवळजवळ संपलेली, तीपण नवीन घातली. हे काम आम्ही घरी केलं नाही, वायरमनला बोलावलं, त्याला आधीच मोजलेले आकडे कागदावर लिहून दिले आणि बोर्डाला हात लावू नका म्हणून सांगितलं. सांधा सोल्डर करून स्लीव्ह घातली, वायर थोडी तोकडी झाली पण पुरली. जाताना त्यानं अर्थिंग तपासलं, ते चांगलं निघालं, पण आमच्याकडं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नव्हता, तो ३० मिलीअँपिअरचा बसवून घेतला.

काल मामांचा थर्मामीटर परत द्यायच्या आधी शेवटचं मोजलं. सेट ६०, डिस्प्ले ६०, नळाखाली थर्मासमध्ये ५८. मग ६५ ला लावून अर्धा तास उभी राहिले, कट-आउट उडाला नाही, नळाला ६३. आता सेट ५० वरच ठेवलाय, सासूबाईंना आणि मुलाला तेवढं पुरतं, बादलीत आधी गार पाणी घेऊन मग गरम सोडायची सवय लावली आहे. ते पुसट झालेलं लाल बटण कुठं आहे हे मुलाच्या बाबांना दाखवून ठेवलंय, आणि ते उडालं तर नुसतं दाबायचं नाही, आधी मला फोन करायचा असं सांगितलंय.

वाइंडर दादा, जुन्या गॅस्केटचा फोटो टाकते, तसलंच जाड रबर उद्यमनगरात कापून मिळेल का, सासऱ्यांच्या गावी ह्याच कंपनीचा १५ लिटरचा आहे आणि त्याच्याखालीपण पांढऱ्या रेघा आहेत.

---

उद्यमनगर_वाइंडर

कापून नका घेऊ ताई, साधं रबर गरम पाण्यात टिकत न्हाई. ईपीडीएम किंवा सिलिकॉनचं, त्या मॉडेलचं तयार गॅस्केट मागा, आणि १५ लिटरच्याला माप येगळं असतंय, तवा तिकडचं काढून आणून मापानं घ्या. त्याची सेन्सरची वायर पण एकदा बोटानं चाचपून बघा, टेप लागतोय का कुठं.